आभासी वाद्यांवरील ध्वनिसंस्कार

भजनाला साथ लागते. म्हणणारा कितीही तयारीचा असला, तरी मृदंगाचा ठेका आणि टाळांचा ताल मिळेपर्यंत त्याचा आवाज मोकळा होत नाही, हा सर्वांच्या अनुभवातला विषय आहे. पूर्वी ही साथ गावात सहज मिळे. हल्ली माणसे पोटापाण्यासाठी दूरदूर गेली आहेत. कोणी मुंबईला, कोणी बंगळूरला, कोणी लंडनला, कोणी अमेरिकेत. तेथे एकादशीला चार घरची मंडळी एकत्र बसतात, टाळही कोणी बरोबर नेलेले असतात, पण मृदंग वाजवणारा काही मिळत नाही. मग घरातला एखादा मुलगा संगणक उघडतो, त्यातला मृदंग व पेटी लावतो आणि वेळ निभावून नेतो.

वेळ निभते, परंतु गोडी येत नाही. ‘सगळं बरोबर वाजतंय, पण कोरडं वाटतं,’ असे मंडळी म्हणतात, आणि दोन अभंग होतात न होतात तोच म्हणणाऱ्यांचे आवाज दबू लागतात. हा कोरडेपणा कशाने येतो, तो घालवण्याचे उपाय कोणते, आणि त्या उपायांची मर्यादा कोणती, या तीन प्रश्नांचा विचार या पाठात क्रमाने करू.

सिद्धान्त आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे विवरण सोपे जाईल. ध्वनीवर जे संस्कार करता येतात ते वादनाला जागा देतात. वादकाची जागा ते घेऊ शकत नाहीत. एवढे ध्यानात राहिले, की कोणता संस्कार किती करावा याचा निर्णय ज्याचा त्याला करता येतो.

१. आभासी वाद्य म्हणजे काय?

आभासी वाद्य म्हणजे संगणकात साठवलेले वाद्य. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात नाद गणिताने निर्माण करतात. दुसऱ्यात खऱ्या वाद्याचा एकेक आघात किंवा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवतात, आणि कळ दाबली की तो नमुना वाजतो. मृदंग, टाळ, पेटी, तंबोरा यांच्यासाठी बहुधा दुसराच प्रकार वापरतात. म्हणून येथे त्याचाच विचार केला आहे.

ही युक्ती घरोघरच्या संगणकांच्या आधीची आहे. इ. स. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे, व पट्टी दाबली की फितीवरचा व्हायोलिनचा किंवा बासरीचा स्वर सुमारे आठ सेकंद वाजे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचे यंत्र आले. त्यात नमुने अंकांच्या रूपाने साठवत. १९८३ साली मिडी नावाचा सर्वांना समान असा संकेत ठरला, आणि एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला आज्ञा देऊ लागली. पुढे वाद्य हेच एक सॉफ्टवेअर होऊन साध्या संगणकात राहू लागले.

आता विचार करा. नमुना तर खराच असतो. मृदंगाचा जो ‘धा’ आपण ऐकतो, तो कोणा खऱ्या वादकाने खऱ्या मृदंगावर मारलेला आहे. मग तो खोटा का वाटावा?

२. उणीव कोठे आहे?

उणीव तीन ठिकाणी आहे.

पहिली उणीव पुनरुक्तीची. माणसाच्या हातून दोन आघात अगदी सारखे कधीच पडत नाहीत. हात थोडा आत पडतो, थोडा बाहेर पडतो. मृदंगाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक वाळत जाते, तसा नादही बदलतो. संगणक मात्र तोच ‘धा’ शंभर वेळा अक्षरशः तोच वाजवतो. कानाला हे कारण सांगता येत नाही, पण चार आवर्तनांत ते कळते.

दुसरी उणीव स्थानाची. नमुना घेताना मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ धरतात आणि खोली निनाद न उठणारी निवडतात. हेतू हा, की पुढे ज्याला जसा हवा तसा निनाद लावता यावा. त्यामुळे तो नाद कोठेच वाजत नाही. त्याला भिंत नाही, छत नाही, जमीन नाही. आपण मात्र जन्मापासून प्रत्येक आवाज कुठल्या तरी जागेत ऐकत आलो आहोत. जागेविना आवाज आला की कानाला तो कोरडा लागतो.

तिसरी उणीव सहवासाची. मंडपात मृदंग वाजला की शेजारच्या तंबोऱ्याच्या तारा त्याच्या नादाने सूक्ष्म कंप पावतात, आणि टाळांचा आवाज मृदंगासमोरच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. सगळे एकाच हवेत मिसळते. संगणकातला मृदंग एका देशात मुद्रित झालेला, पेटी दुसऱ्या, तंबोरा तिसऱ्या. एकमेकांना न भेटलेली वाद्ये आपण एकत्र बसवतो, आणि ती परकीच राहतात.

पहिल्या उणिवेवर इलाज वादनात करावा लागतो. दुसरी व तिसरी संस्कारांनी बरीच भरून निघते. पुष्कळ जण येथेच घोटाळा करतात. वादनातला दोष निनादाखाली झाकायला जातात, आणि मग आवाज कोरडाही राहतो आणि गढूळही होतो.

३. संस्काराआधीची तयारी

म्हणून आधी वादन. मिडीमध्ये प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहिला जातो. सगळे आघात १०० वर ठेवले तर तो ठेका राहत नाही, नुसती ठोकाठोक होते. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात समेचा आघात ११० च्या आसपास, मधले ७० ते ९० आणि भरीचे हलके बोल ४० ते ६० ठेवून पाहावे. चांगल्या संग्रहात एकाच बोलाचे हलके, मध्यम, जोरकस असे निरनिराळे नमुने असतात, शिवाय एकाच जोराचे तीन-चार पर्यायही आलटून पालटून वाजतात. ती सोय बंद असेल तर ती सुरू करावी.

पेटीचे तसे नाही. पेटीची पट्टी जोराने दाबली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच येतो. आवाज कमी-जास्त होतो तो भात्याने. म्हणून आभासी पेटीत आघाताच्या आकड्यांशी खेळत बसू नये. मिडीचे अकरा क्रमांकाचे नियंत्रण स्वराची चढ-उतार दाखवण्यासाठी असते. त्याने भात्याचा श्वास काढावा. ओळीच्या आरंभी थोडे कमी, मध्ये भरलेले, शेवटी सोडलेले. एवढे केले तरी पेटी निम्मी सुधारते.

लयीविषयीही असेच. भजनाची लय एका जागी थांबत नाही. रंग चढतो तशी ती वाढते. संगणकाला मिनिटाला ७० मात्रा सांगितल्या, तर तो रात्रभर ७० च वाजवील. यासाठी क्रम उलटा करावा. आधी नुसत्या तंबोऱ्यावर, हाताने ताल धरून, गाणाऱ्याने म्हणावे आणि ते मुद्रित करावे. मग त्याच्या लयीप्रमाणे संगणकाची लय बांधावी, ७० वरून ७४, ७४ वरून ८०. गाणाऱ्याने यंत्रामागे धावू नये, यंत्राला गाणाऱ्यामागे चालवावे.

सुराचेही एक पथ्य आहे. मृदंगाच्या उजव्या पुडीवरच्या शाईमुळे तिचे उपस्वर एकमेकांशी सुरेल होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आपल्या सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. साध्या ढोलाला असा निश्चित सूर नसतो, मृदंगाला असतो. म्हणून मृदंग गाणाऱ्याच्या पट्टीत पाहिजे. काळी एकचा मृदंग यंत्राने काळी तीनला चढवता येतो, पण सुरासोबत खोडाची घुमकही वर सरकते आणि मोठा मृदंग लहान मुलाच्या खेळण्यासारखा वाटू लागतो. शक्यतो जवळच्या पट्टीतला नमुना घ्यावा. एक-दोन पट्ट्यांपलीकडे ओढू नये.

४. पहिला संस्कार: निनाद

आता स्थान. एखाद्या जागेत आवाज केला की तो आधी सरळ येतो, मग जवळच्या भिंतींवरून त्याचे पहिले पडसाद येतात, आणि नंतर असंख्य पडसाद मिसळून त्याची एक शेपटी हळूहळू विझत जाते. या साऱ्याला रिव्हर्ब म्हणतात. आपण त्याला निनाद म्हणू.

या विषयाचा शास्त्रीय पाया वॉलेस सॅबिन यांनी घातला. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे नव्या बांधलेल्या व्याख्यानगृहात बोलणे समजेना, तेव्हा ते काम त्यांच्याकडे आले. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवून, आवाज विझायला किती वेळ लागतो हे ते घड्याळाने मोजत, आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून एकेक करून मांडत. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंद राही. गाद्या वाढल्या तसा तो वेळ कमी झाला. यावरून नियम निघाला: जागेचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे, आणि त्या जागेतल्या वस्तू व माणसे किती आवाज शोषतात त्या संख्येने भागावे. उत्तर येते ते निनादाचे सेकंद, म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ.

आपल्या मंडपाचे उदाहरण करून पाहू. लांबी १२ मीटर, रुंदी ८, उंची ५, घनफळ ४८०. भिंती, जमीन, छत मिळून शोषण ४० धरू. निनाद सुमारे १.९ सेकंद येतो. आता त्यात ८० माणसे बसली. बसलेले माणूस साधारण ०.४५ शोषते असे धरले, तर ३६ ची भर पडून शोषण ७६ झाले, आणि निनाद १ सेकंदावर आला. पाहा, माणसे बसली आणि मंडपाचा आवाज जवळजवळ अर्धा झाला!

घरी काम करणारे येथेच फसतात. ‘देऊळ वाटलं पाहिजे’ म्हणून ते तीन-चार सेकंदांचा निनाद लावतात. तो रिकाम्या देवळाचा निनाद असतो. भजन रिकाम्या देवळात होत नाही, भरल्या देवळात होते. भजनाची गोडी हवी असेल तर निनाद एक ते सव्वा सेकंदाचा पुरे.

याला लयीचाही आधार आहे. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एक मात्रा पाऊण सेकंदाची. सेकंदाचा निनाद पुढच्या मात्रेला जरासा स्पर्श करून विझतो. तीन सेकंदांचा निनाद चार मात्रा अंगावर घेऊन चालतो. मग मृदंगाचे बोल एकमेकांत बुडतात आणि अभंगाचे शब्द कळत नाहीत. विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी अनेक वेळा परत येते. तेथे कौतुक पाहायला जावे, भजनाला बसू नये.

कृत्रिम निनाद निर्माण करण्याचे मार्ग कालक्रमाने बदलत गेले. आरंभी रिकाम्या खोलीत ध्वनिवर्धक व मायक्रोफोन ठेवत. १९५७ साली जर्मनीत पोलादाच्या मोठ्या पत्र्याचे यंत्र निघाले. पत्रा थरथरवून त्याचा निनाद घेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६२ साली नैसर्गिक वाटणाऱ्या कृत्रिम निनादावरचा आपला लेख प्रसिद्ध केला. पडसाद विरळ असले तर कानाला खडखड जाणवते. सेकंदाला सुमारे हजार पडसाद असले म्हणजे ती नाहीशी होते, हे त्यांनी मांडले. पुढच्या पुष्कळ गणिती निनादांचे मूळ त्यात आहे. १९९९ पासून आणखी एक मार्ग खुला झाला. खऱ्या जागेत एक क्षणिक आवाज करायचा, त्या जागेने दिलेले उत्तर मुद्रित करायचे, आणि ते उत्तर गणिताने हव्या त्या नादाला लावायचे. याला कॉन्व्होल्यूशन म्हणतात.

हा शेवटचा मार्ग परदेशी राहणाऱ्या मंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावा. सुटीत गावी आल्यावर मंडपात मंडळी बसली असताना त्यांना दोन मिनिटे गप्प बसायला सांगावे, एक फुगा फोडावा, आणि त्याचा आवाज चांगल्या यंत्रावर मुद्रित करून घ्यावा. असे तीन-चार वेळा करावे व त्यातला स्वच्छ असेल तो ठेवावा. यासाठी खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर ध्वनिवर्धकावरून वाजवण्याची रीत अधिक अचूक आहे, पण फुग्यानेही काम होते. मग हजारो मैलांवर बसूनही आपल्या गावच्या भरल्या मंडपाचा निनाद आपल्या साथीला लावता येतो.

निनाद लावताना चार नियम पाळावेत.

पहिला: सर्व वाद्यांना निनाद एकच असावा. प्रत्येकाला वेगळा लावला तर मृदंग गुहेत, पेटी खोलीत आणि टाळ विहिरीत वाजल्यासारखे होते. एकच निनाद सामाईक वाटेवर ठेवून सर्वांना त्याकडे कमी-अधिक पाठवावे. सहवासाची उणीव येथे भरून निघते.

दुसरा: दूरच्याला निनाद जास्त, जवळच्याला कमी. गाणारा पुढे, म्हणून त्याला थोडा. टाळकरी मागे, म्हणून त्यांना अधिक. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. टाळकरी चार मीटर मागे आहेत असे दाखवायचे तर टाळ १२ मिलिसेकंद मागे सारावेत. सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला पडसाद कान वेगळा मोजत नाही, आणि दिशा ठरवतो ती पहिल्या आलेल्या आवाजावरून, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवले होते. या मर्यादेत राहिले की खोली जाणवते, पण वेगळा प्रतिध्वनि ऐकू येत नाही.

तिसरा: मूळ आघात आणि निनादाचा आरंभ यांत १५-२० मिलिसेकंदांचे अंतर ठेवावे. भिंत तीन मीटरवर असली तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे १७-१८ मिलिसेकंद होतात. त्यामुळे हे अंतर स्वाभाविकच आहे. याने बोलाची धार शाबूत राहते.

चौथा: निनादाकडे जाणाऱ्या आवाजातून २०० हर्ट्झच्या खालचा भाग काढावा, नाहीतर मृदंगाच्या डाव्या बाजूची घुमक साठत जाऊन सगळे गढूळ होते. वरचा भागही थोडा मंद करावा. माणसे आणि वस्त्रे उंच स्वर अधिक शोषतात, म्हणून भरल्या मंडपाचा निनाद मऊ असतो.

५. दुसरा संस्कार: वर्ण

इक्वलायझर म्हणजे आवाजाच्या खालच्या, मधल्या व वरच्या भागांचे प्रमाण बदलणारे साधन. एका दिशेचे ऐकणारा मायक्रोफोन वाद्याच्या फार जवळ गेला की खालचा आवाज फुगतो. नमुन्यांत हा फुगवटा पुष्कळदा असतो. मृदंगाचा १०० ते २०० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल उतरवला की मृदंग तोंडापुढून उठून आपल्या जागी जाऊन बसतो.

टाळांचे वेगळे. आपला कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि अभंगाच्या शब्दांतली व्यंजने बऱ्याच अंशी तेथेच कळतात. टाळही तेथेच खणखणतात. म्हणून टाळांचा तेवढा भाग जरा दाबावा व त्यांची चमक त्याच्या वर राहू द्यावी. याने टाळ बिघडत नाहीत आणि शब्द मोकळे होतात. तंबोऱ्याला मात्र हात लावू नये. त्याच्या जव्हारीतून उपस्वरांची जी झिलई निघते, तिचा तुकडा कापला तर तंबोऱ्याचा तंबोरा राहत नाही.

६. तिसरा संस्कार: आटोप आणि ऊब

कॉम्प्रेसर मोठा आवाज आवरतो. मृदंगावर तो लावायचा तर त्याने आघातानंतर २०-३० मिलिसेकंद थांबून काम सुरू करावे, म्हणजे थापेचे तोंड तसेच राहते. दोनास एक एवढेच प्रमाण, आणि दोन-तीन डेसिबलहून जास्त आवर नको. पुष्कळ नमुने आधीच आवरलेले असतात. त्यांना पुन्हा आवळले तर हलका बोल आणि जड बोल एकसारखे होतात, आणि तिसऱ्या भागात केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

ध्वनिफितीवर आवाज घेतला की त्याचे टोक किंचित गोल होते व त्यात थोडे नवे उपस्वर मिसळतात. याची नक्कल करणाऱ्या संस्काराला सॅच्युरेशन म्हणतात. याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. मोबाइलच्या लहान ध्वनिवर्धकातून मृदंगाची खोल घुमक बाहेर पडतच नाही. परंतु तिचे वरचे उपस्वर ऐकू आले, तर न वाजलेला मूळ स्वर कान स्वतः भरून घेतो. म्हणून डाव्या बाजूला हा संस्कार अगदी थोडा द्यावा. भाजीत हिंग घालतात तितकाच. वेगळा ओळखू आला तर जास्त झाला असे समजावे.

७. बारा टाळकरी

एक चूक नेहमी होते, ती सांगतो. टाळाचा एक नमुना घेऊन त्याच्या बारा प्रती करतात आणि बारा टाळकरी झाले असे समजतात. तसे होत नाही. अगदी सारख्या दोन प्रती एकत्र वाजल्या तर एकच टाळ ६ डेसिबल मोठा होतो, दुसरा टाळकरी येत नाही. खरे दोन टाळकरी वाजवतात तेव्हा वाढ साधारण ३ डेसिबलचीच असते, पण आवाज रुंद होतो. कारण दोघांचे टाळ वेगळे, सूर वेगळे, आणि हात दहा-वीस मिलिसेकंद पुढे-मागे. प्रती नुसत्या थोड्या सरकवल्या तर नळीतून आल्यासारखा पोकळ आवाज येतो.

उपाय असा. चार वेगळ्या जोड्यांचे नमुने घ्यावेत. प्रत्येक जोडी स्वतः बसून स्वतंत्र वाजवावी. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, कमी-अधिक अंतरावर बसवाव्यात. घरात खरे टाळ असतील तर आभासी टाळ घेऊच नयेत. आपल्या हातचे टाळ, कसेही मुद्रित झालेले, त्या साऱ्या साथीत जीव आणतात.

८. शंका आणि समाधान

शंका: एवढं सगळं करून ऐकणाऱ्याला फसवायचंच ना?

समाधान: तसे नाही. चित्रकार चित्रात खोली दाखवतो, तेव्हा तो कोणाला फसवत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याला सोय करून देतो. साथ सुसह्य व्हावी आणि गाणाऱ्याचा आवाज सुटावा म्हणून निनाद लावणे ही कानाची सोय आहे. परंतु तीच ध्वनिफीत बाहेर दिली आणि खाली वादक म्हणून कोणाचे नाव घातले, तर मात्र ती फसवणूक. ‘मृदंग व पेटी संगणकावरील’ असे स्पष्ट लिहावे. यात कमीपणा काही नाही.

शंका: मग गावातल्या मृदंगवाल्याला कोण बोलावील?

समाधान: ही शंका खरी आहे आणि ती टाळता येणार नाही. खरा मृदंगवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. त्याचा श्वास कोठे संपणार हे त्याला आधी कळते, चढत्या ओळीला तो ठेका उघडतो, आणि कोणी चुकले तर सावरून घेतो. यातले एकही काम कोणत्याही संस्काराने होत नाही. ज्या गावी वादक आहे तेथे त्यालाच बसवावे, त्याची बिदागी द्यावी, आणि मुद्रण करायचे तर त्याचेच करावे. जेथे कोणीच नाही तेथे यंत्र. आणि तेथेही, यंत्राच्या साथीने जी मुले म्हणू लागतील त्यांच्यातल्या एकाने तरी मृदंग शिकावा, अशी खटपट करावी.

शंका: संस्कार पुरे झाले हे ओळखायचं कसं?

समाधान: संस्कार काढून ऐकावे व लावून ऐकावे. परंतु दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि आपण भुलतो. काढल्यावर काहीतरी हरवले असे वाटले, पण लावलेला असताना तो वेगळा जाणवला नाही, तर प्रमाण बरोबर आहे.

९. अभ्यासाचा क्रम

हा पाठ नुसता वाचून उपयोग नाही, करून पाहावा. एकच अभंग घ्यावा. पहिल्या दिवशी फक्त गाणे मुद्रित करून लय बांधावी. दुसऱ्या दिवशी मृदंगाचे आघात कमी-जास्त करावेत, कोणताही संस्कार न लावता. तिसऱ्या दिवशी पेटीचा भाता. चौथ्या दिवशी एकच सामाईक निनाद, एका सेकंदाचा. पाचव्या दिवशी वर्ण, आणि गरज असेल तरच आटोप. सहाव्या दिवशी काहीही न करता कानाला विश्रांती द्यावी. सातव्या दिवशी संगणकावर न ऐकता मोबाइलवर आणि मग घरातल्या साध्या ध्वनिवर्धकावर ऐकावे, आणि जे जास्त वाटेल ते कमी करावे.

शेवटची परीक्षा मात्र कानाने घ्यायची नाही, गळ्याने घ्यायची. ती साथ लावून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणायला सांगावे, आणि त्यांना संस्कारांविषयी एक अक्षर बोलू नये. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज मोकळा झाला, मान हलू लागली, हात आपोआप टाळाकडे गेला, तर काम साधले असे समजावे. तसे झाले नाही तर पुन्हा तिसऱ्या भागापासून आरंभ करावा. निनाद वाढवू नये.